मतलक हवालदाराची चौकशी

आमच्या रब्बा गावात परका माणूस येऊन कुणाच्या वागणुकीची चौकशी करू लागला, की त्याचा अर्थ एकच: सोयरीक. मुलगी देणारे असेच येतात. दुकानात टेकतात, चहा घेतात, आणि हळूच विचारतात, माणूस कसा आहे हो?

म्हणून मतलकची चौकशी सुरू झाली तेव्हा गावानं कान टवकारले. कारण मतलकला बायको होती, फिद्दा, आणि पाच मुली होत्या.

मतलक आमच्या ह्यांचा धाकटा चुलतभाऊ, घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मिसरूड फुटायच्या आत साधा शिपाई म्हणून फौजेत गेला आणि रणगाड्यांखाली लोळून लोळून हवालदार झाला. बोलणं मोजकं. सुट्टीवर आला की गच्चीवरची पाण्याची टाकी घासणार, आईच्या कबरीवर जाणार, मुलींच्या बुटांना स्वतः पॉलिश करणार. एवढाच त्याचा थाट.

त्या हिवाळ्यात मात्र त्यानं मिशीला कलप लावला. करक शहरात जाऊन फोटो काढून घेतला. शिंप्याकडे माप दिलं. फिद्दानं विचारलं तर म्हणाला, "झालं की कळेल. आधी बोललं की नजर लागते."

"नजर म्हणे!" माझ्या स्वयंपाकघरात जमीदचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, दगडासारखे गोळे फोडून भिजत घालताना फिद्दा फणफणली. "जाऊबाई, त्याला मुलगा हवाय. दुसरं काय?"

"अगं, उगाच संशय घेणं पाप आहे."

"तुमच्या घरात सवत येऊ दे, मग मला पाप-पुण्य शिकवा."

खरं तर शंका मलाही होती. चाळिशीत कलप लावणारा पुरुष कुणाला निर्धास्त वाटेल?

दुकानदार अबू गालिब हा फिद्दाचा सख्खा मामा. संध्याकाळी तो छाती फुगवून आला. "काय सांगू पोरी, असा पिटाळलाय त्या चौकशीवाल्याला! म्हटलं, मतलक? बायकोवर हात उचलतो, शब्दाला जागत नाही, भिंतीशीसुद्धा भांडतो. आता कोण मुलगी देतो बघू!"

फिद्दानं मामाचा हात डोळ्यांना लावला.

पण दुसऱ्या दिवशी, मी दुपारची नमाज आटोपून उठतेय तोच, तो माणूस आमच्याच अंगणात. साधा कोट, नजर मात्र घरभर फिरणारी. हे त्याच्यासमोर बसले, मी दाराआड उभी. कुणाशी उठबस आहे? परदेशात कोण असतं? रागाच्या भरात बंदूक काढलीय का कधी?

माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलगी देणारा आधी विचारतो, पहिली बायको का पुरत नाही? ह्यानं फिद्दाचं नावही काढलं नव्हतं.

मी ओढणी सारखी करून पुढे झाले. "भाऊ, मुलगी कुणाची आहे?"

"कसली मुलगी?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही चोरलंय.

"मग चौकशी कशाला?"

कॉफी पुरे म्हणून त्यानं पेला हलवला. "ते सांगता यायचं नाही. पण दुकानात ऐकलं ते खरं असेल, तर माणसांची तुकडी त्याच्या हाती कोण देईल?"

तुकडी! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोटो, शिंपी, कलप. हवालदाराचा अधिकारी व्हायचा होता.

मी म्हणाले, "ह्या भिंतीपलीकडून मी त्याचा चढा आवाज कधी ऐकलेला नाही. अल्ला साक्षी आहे. आणि दुकानदार तर त्याच्या बायकोचा मामा."

"मामा?" तो उठला. "मग तर खोटं कशाला बोलेल?"

मी मागच्या दारानं फिद्दाकडे धावले. ऐकून ती खालीच बसली.

"म्हणजे सवत नाही?"

"नाही. पण मामाचं बोलणं तसंच राहिलं तर खांद्यावरची अधिकाऱ्याची चांदणी गेली त्याची."

ती उठेचना. "अधिकाऱ्यांच्या बायका गाड्या चालवतात, जाऊबाई. मला सही करताना घाम फुटतो. चांदणी लागल्यावर तो माझा राहील?"

"ते त्या अल्लाला ठाऊक. आज खरी साक्ष दे. पुढे काही केलंन तर भांडायला मी येईन."

तिनं चपला अडकवल्या. तो माणूस गाडीचं दार उघडत होता.

"मामानं खोटं सांगितलं," ती धापा टाकत म्हणाली. "सवत येतेय असं वाटलं आम्हाला."

"तुम्हाला नवऱ्यानं पढवून पाठवलंय."

"तो पढवणार? दोन शब्द बोलायला त्याच्या जिवावर येतं! तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूनं तोंड फिरवलं, आणि हा गल्लीभर मिठाई वाटत फिरला. असा माणूस हात उचलेल? आणि ऐका, महिनाभर मी त्याच्याशी अबोला धरलाय, रोज भांडी आपटतेय. पढवलेली बायको हे सांगेल?"

त्यानं तिला बराच वेळ न्याहाळलं. ओठाचा कोपरा किंचित हलला. "नाही सांगणार," म्हणाला, आणि निघून गेला.

वसंतात मतलकच्या खांद्यावर चांदणी चढली. अंगणात मनसफच्या, भात-मटणाच्या, पराती मांडल्या. जुने सोबती त्याला सलाम ठोकून "काय साहेब, आता ओळख ठेवणार का?" म्हणून डिवचत होते. सगळ्यात मोठ्यानं अबू गालिब ओरडत होता, "मी तर आधीच सांगितलं होतं, हिरा आहे हिरा!"

बायकांत छावणीतल्या पाहुण्याही होत्या. फिद्दा माझ्या कानाशी आली. "ती निळ्या ओढणीवाली, फौजी दवाखान्यातली. लग्न झालंय का हो तिचं?"

"विचार की."

तिनं विचारलं नाही. भाताची सगळ्यात जड परात मात्र त्या निळ्या ओढणीवालीच्याच हातात दिली.