तुकडेकाकूंचं शेवटचं सुकाणू

तुकडेकाकूंची आणि माझी ओळख माझ्या एका शिंकेने करून दिली. जहाजं, विमानं, आगगाड्या यांच्या छोट्या प्लास्टिकच्या प्रतिकृती सुट्या भागांत विकणाऱ्या कंपनीत मी सूचनापत्रकं लिहायला लागलो, त्याच सकाळी. त्या शिंकेसरशी दोन आरमारं, एक हवाई दल आणि निम्मी रेल्वे काकूंच्या टेबलावरून जमिनीवर आली.

"हलायचं नाही!" काकू कडाडल्या. "उजव्या बुटाखाली सुकाणू आहे."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एका पायावर उभा होतो. एवढ्या तपाने देव प्रसन्न झाला असता. काकू नाही झाल्या.

कुणाचा पंख हरवला, कुणाचं चाक मोडलं, की गिऱ्हाईक काकूंना पत्र लिहायचं. काकू नवाकोरा खोका फोडून तेवढा तुकडा काढायच्या आणि फुकट पाठवायच्या. मालक म्हणायचे, "काकू, तुम्ही एक जहाज तारता आणि एक बुडवता."

बुडालेली ती अपुरी खोकी काकू घरी न्यायच्या. घरी त्यांचे यजमान, मास्तर. कंपनीचं पहिलं यंत्र त्यांनीच चालवलं. पुढे डावं अंग लुळं पडलं. उजव्या हाताने ते चिकटवायचे, काकू धरायच्या. दोनशे बारा तुकड्यांचं मोठं जहाज तीन वर्षांत होत आलं. राहिलं फक्त सुकाणू. ते इतकं नाजूक की गिऱ्हाइकांचंही नेमकं तेच मोडायचं, आणि काकूंकडे आधी गिऱ्हाईक.

मग गिऱ्हाइकांनीच पाठ फिरवली. एकतीस वर्षांची कंपनी बंद पडली, साचे भंगारात गेले. उरलेलं एकुलतं एक सुकाणू मालकांनी काकूंच्या हातावर ठेवलं. "मास्तरांना द्या." डॉक्टरांनी मास्तरांची आशा सोडली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या टपालात एक पत्र आलं. सुकाणू मोडलंय, दुसरं पाठवा.

"काकू, फाडा ते," मी म्हणालो. "कंपनीच नाही आता."

"पत्र मला आलंय ना?"

मी त्यांच्यासोबत घरी गेलो. काकूंनी मास्तरांची नजर चुकवत पत्र वाचून दाखवलं. मास्तर अर्ध्या तोंडाने हसले.

"पाठव गं. आपलं जहाज कपाटावरच उभं राहणार. त्याला कुठे वळायचंय?"

"अहो, पण..."

"आणि कापसात गुंडाळ. तुझं पॅकिंग मला ठाऊक आहे."

"माझ्या पॅकिंगला नावं ठेवू नका," असं म्हणत काकू डोळे पुसून कापूस आणायला उठल्या.

पाकीट सतरा दिवसांनी परत आलं. पत्ता अपुरा होता. मास्तरांना जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.