लाल झंडी आणि दोन होकार

दुलारी जगरूपच्या ओसरीत शिलाई मशीनच्या एका अंगाला पूजेनंतर अंगणात बांबूवर लावायच्या हनुमानाच्या लाल झंड्या, दुसऱ्या अंगाला एखाद्या कॅथलिक पोरीचा पांढरा झगा आणि खुर्चीच्या पाठीवर मशिदीत जाणाऱ्या बायकांच्या ओढण्या, असा पसारा कायम पडलेला असे. उसाच्या मळ्यांसाठी आपल्याकडून माणसं नेलेल्या त्या दूरच्या बेटावर, पेनाल शहराच्या पुढच्या गावात कोणीही कापड घेऊन आलं, की तिचं ठरलेलं बोलणं, "देव कुठला ते मागाहून सांग, आधी माप दे."

बाई तोंडाने फटकळ. गावात नळ नव्हता तेव्हा तिने बायकांना रिकाम्या बादल्या घेऊन मंत्र्याच्या मोटारीपुढे बसवलं होतं आणि "मतं मागायला येतोस तेव्हाच बरी तहान लागते रे तुला?" असं त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं. नळ आला. तेव्हापासून पंडित, पाद्री आणि इमाम, तिघंही रस्त्यात तिला आधी नमस्कार करून मोकळे होत. उगाच कशाला.

नवरा लवकर गेला. त्यानंतर ती बहाई झाली. कृष्ण, बुद्ध, मूसा, येशू, मोहम्मद आणि या काळासाठी बहाउल्ला, पाठवणारा एकच, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. कापड वेगळं, बेत वेगळा, पण दोरा एकाच रिळाचा, हे ती रोजच बघत होती. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या ओसरीत प्रार्थना होई. पुरोहित नाही, मानपान नाही. कोणी कुराणातलं वाचे, कोणी बायबलातलं, आणि गीता दुलारी स्वतः वाचे, खणखणीत आवाजात.

त्याच ओसरीत थिओ प्रिंगल यायचा. शाळेची बस चालवायचा. धिप्पाड काळा माणूस, विधुर, बोलायला मात्र लाजाळू. तोही बहाई. गुरुवारी प्रार्थनेला यायचा आणि शनिवारी शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन यायचा. असे बरेच शनिवार गेल्यावर दुलारीने सुई खाली ठेवली.

"थिओ, तुझ्या सगळ्या शर्टांची बटणं लावून झाली. आता काय ते तोंडाने बोल."

थिओ बोलला. दुलारी हो म्हणाली. आणि इथेच गाडं अडलं. कारण बहाई लग्नाला दोघांच्या हयात असलेल्या सगळ्या आईबापांचा होकार लागतो. वय विशीचं असो की साठीचं, आईबापाचा धर्म कोणताही असो, होकार नाही तर लग्न नाही. गावातली बहाईंची नऊ जणांची सभा यात कोणाचं ऐकत नाही. दुलारीला वाटलं, त्यात काय मोठं! संध्याकाळी बापाला सांगून येते.

बाप, बिसून जगरूप, खांबांवरच्या घराखाली टांगलेल्या झोळीत पडला होता. उसाच्या शेतात पाठ मोडून घेतलेला म्हातारा, पण जीभ शाबूत.

"पा, मी थिओशी लग्न करतेय. तुमचा होकार हवाय."

"बेटी, तुझं वय काय?"

"बावन्न."

"बावन्न वर्षांत आज पहिल्यांदा मला काही विचारलंस."

"नियम आहे तसा."

"म्हणजे नियम नसता तर विचारलं नसतंस." बोला आता! म्हातारा पुढे म्हणाला, "त्याच्या आईला विचार आधी. ती हो म्हणाली की मग माझं बघू."

थिओची आई मदर युडोरा. येशूला भजणाऱ्या स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट चर्चमधली मानाची बाई, म्हणून 'मदर'. डोक्याला पांढरं फडकं, हातात पितळी घंटा. तिने दुलारीला खुर्ची दिली, आल्याचं सरबत दिलं, होकार तेवढा दिला नाही.

"तुझा बाप काय म्हणाला?"

"तुम्हाला आधी विचार म्हणाला."

"अस्सं! माझा थिओ काय बाजारातला आंबा आहे, त्याने दुरून बघायचा आणि मी आधी कापून दाखवायचा? जा, त्यालाच आधी बोलू दे."

दुलारी दोन घरांमध्ये फेऱ्या मारून थकली. मंत्र्याला वाकवणाऱ्या बाईला दोन म्हातारी माणसं वाकेनात. शेवटी ती थिओलाच बापापुढे घेऊन गेली. "सांग यांना. मी बोलले तर भांडण होईल."

थिओने टोपी काढली. "अंकल, मी बसवाला माणूस. मला जेवढं कळतं तेवढं सांगतो. रस्ता एकच आहे. वेळोवेळी चालवणारा बदलतो. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. पण पाठवणारा डेपो एकच. म्हणून तुमचे राम आणि आईचे येशू..."

"कळलं," बिसून म्हणाला. तो झोळीत उठून बसला आणि थिओकडे नाही, लेकीकडे बघायला लागला. "बस एकच आहे ना बेटी? मग ती माझ्या थांब्यावर का नाही थांबत?"

दुलारी तिथून उठून आली. रागाने नाही. या वेळी राग यायला जागाच नव्हती.

ती बहाई झाली त्या वर्षी बापाच्या अंगणात पूजा होती. तिने पंडिताला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "माझ्या नि देवाच्या मधे दलाल कशाला?" तेव्हापासून दरवर्षी त्या पूजेला ती जायची, पण स्वयंपाकघरात. अंगणात मंत्र सुरू झाले की ही आत पुऱ्या तळत बसायची. गुरुवारी स्वतःच्या ओसरीत गीता खणखणीत, आणि तीच गीता बापाच्या अंगणात आली की हिला कढई आठवायची. बापानेही मग एक केलं. गावभर लेकीने शिवलेल्या झंड्या फडकत असताना हा बाजारातून तयार झंडी आणायचा. दोन पावसांत तिचा रंग उडून ती गुलाबी व्हायची. दुलारी रोज ते गुलाबी फडकं बघत होती आणि मनात म्हणत होती, म्हाताऱ्याला कापडातलं काही कळत नाही.

यंदाच्या पूजेच्या दिवशी सकाळी ती गेली. काखेत नवी लाल झंडी, काठाला दुहेरी शिवण.

बिसूनने झंडी उलटीपालटी केली. "नेफा अरुंद झालाय."

"बांबू जाड आणलाय तुम्ही."

"पुऱ्या आत आहेत."

"असू देत," म्हणून दुलारीने चप्पल काढली आणि चटईवर मांडी घातली. पंडित जरा चपापला. तिने त्याला हात जोडले. "चालू द्या महाराज. आज काही बोलणार नाही."

मंत्र अर्ध्यावर आले तेव्हा फाटकापाशी मदर युडोरा उभी. थिओ कसल्या घरात जातोय ते डोळ्यांनी बघायला आली होती, पिशवीत घंटा घेऊन. मागे थिओ, घामाने निथळत. म्हातारी कोणी बोलवायची वाट न बघता आत आली आणि पूजेपुढच्या पितळी लोट्यापाशी थबकली. लोट्यात पाणी, वर फुलं.

"हा माझा लोटा इथे कसा आला?"

"तुमचा?" बिसून तडकला. "माझ्या आजीचा आहे तो!"

"आमच्या चर्चमध्ये मधोमध असाच असतो. असाच पितळी, अशीच फुलं." तिची नजर बांबूवर गेली. "आणि निशाणाला खड्डा इतका उथळ? आमच्या चर्चच्या अंगणात मी स्वतः कोपरभर खणून घेते. हा वारा आला की पडेल."

"दरवर्षी पडतो," बिसून हळूच म्हणाला.

"पडणारच. थिओ, बघतोस काय? खण!"

थिओने फावडं घेतलं. दोन्ही म्हातारी त्याच्या डोक्याशी उभी राहून एका सुरात त्याला झापायला लागली. डावीकडे माती, उजवीकडे दगड, अरे वाकडा होतोय. बांबू उभा राहिला, सरळ. लाल झंडी फडफडली.

"आता बोला," बिसून म्हणाला. "तुम्ही आधी."

"तुम्ही आधी. घर तुमचं आहे."

सगळ्यांनी दुलारीकडे पाहिलं, आता बाईचा स्फोट होणार. दुलारी हाताची घडी घालून गप्प बसलेली.

"ही गप्प कशी?" युडोराने विचारलं. "आजारी आहे का?"

"नाही," म्हातारा म्हणाला. त्याने खांद्यावरच्या फडक्याने नाक पुसलं. "बस थांबली माझ्या थांब्यावर. मग मी कशाला आडवा पडू? माझा हो."

युडोराने पिशवीतून घंटा काढली आणि अशी वाजवली, की शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. "आणि हा माझा. पण एक सांगा, यांच्या लग्नात म्हणे नवरा-नवरी एकच वाक्य बोलतात आणि झालं?"

"एकच?" बिसून हादरला. "आमच्यात तीन दिवस जातात!"

"आमच्यात निदान दुपार तरी जाते!"

"वाक्य एक, जेवण तीन दिवस," दुलारीचं तोंड शेवटी सुटलं. "दोघं मिळून रांधा, मी अडवणार नाही."

पुढच्या आठवड्यात मदर युडोराच्या चर्चचं निळं निशाण मशीनवर आलं. थिओ समोर बसून बटणं निवडत होता. दुलारीने माप विचारलं नाही. नेफा मात्र या वेळी रुंद ठेवला.