वीस पावलं सरकलेला टॉवर

सावली तालुक्यात दळणवळणाची क्रांती घडवणारा माणूस आमच्याच खानावळीत जेवायचा. मोबाइल टॉवरची जागा ठरवणं हे त्याचं काम. नजर कायम झाडांच्या शेंड्यांवर. वरण ताटात पडतंय की बाहेर, हे तो बघायचा नाही.

एका गावात नकाशावरची खूण नेमकी एका म्हातारीच्या मोहाच्या झाडावर आली.

"झाड तोडाचं असन तं आधी मले तोड, भाऊ," म्हातारी म्हणाली.

"तुमाले तोडून रेंज येत नाई, बाई," म्हणत त्यानं खूण वीस पावलं सरकवली आणि अहवालात कारण लिहिलं, 'जमीन भुसभुशीत.'

उद्घाटनाच्या भाषणात पाहुणे म्हणाले, जग जवळ आलं. टॉवरभोवतीच्या कुंपणाची किल्ली आमच्या टॉवरवाल्यानं म्हातारीकडे दिली.

टॉवरच्या सिमेंटच्या ओट्यावर आता तिची मोहफुलं दोन दिवसांत वाळतात.