रविवारचा खून

तिसऱ्यांदा पुकारा झाला आणि तिसऱ्यांदाही वनिता भगत आली नाही.

वर्धेच्या सेशन कोर्टात मी सरकारी वकील आहे. केस खुनाची होती. वनिताचा नवरा रमेश वायरमन होता. गावातल्या एकाने लाइनवर आकडा टाकला होता, म्हणजे चोरून तार अडकवली होती. ती रस्त्यावर लोंबत होती. रमेशने ती काढली, तर त्या माणसाने खांबाखालीच त्याच्या डोक्यात लोखंडी सब्बल घातली. नवऱ्याला जेवायला बोलवायला आलेल्या वनिताने ते पाहिलं. दुसरं कोणीही पाहिलेलं नव्हतं.

"मॅडम, अजून किती तारखा द्यायच्या?" जज साहेब म्हणाले. "आरोपी आत बसलाय. पुढच्या तारखेला साक्षीदार नसेल तर पुरावा बंद."

पुरावा बंद म्हणजे सरकारकडून आणखी कोणाला तपासता येणार नाही. वनिताशिवाय हातात उरत होती फक्त सब्बल आणि पंचनामा. आरोपी सुटलाच असता.

साक्षीदार फुटतात, हे आम्हाला नवीन नाही. पण ही बाई फुटेल असं वाटत नव्हतं. मी आमच्या कोर्ट हवालदाराला विचारलं.

"समन्स घेते, सही करते," तो म्हणाला. "म्हनते, मी थांबून राह्यली. कायच्यासाठी, ते काई समजलं नाई."

सरकारी वकील सहसा साक्षीदाराच्या घरी जात नाही. मी हवालदाराला घेऊन गेले. सिंदीच्या पुढे गाव. वनिता अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"मॅडम, कायदा आला का?"

"कोणता कायदा?"

तिने आतून घडी घातलेला झेरॉक्स आणला. वीज कर्मचाऱ्यांच्या मोर्चात एका आमदाराचे पीए तिला भेटले होते, त्यांनी दिलेला. आमदार विधानसभेत विधेयक मांडणार होते. सरकारी आणि वीज कर्मचाऱ्याचा कर्तव्यावर असताना खून केला तर फाशीच.

"त्या साहेबानं सांगतलं, जजले दुसरं काई देताच येनार नाई. माही साक्ष आधी झाली तं जुन्या कायद्यात निकाल लागून जाईन. म्हनून थांबली."

मी कागद दोनदा वाचला. माझाच गोंधळ झाला. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, दोन्ही आधीपासून आहेत. कोणाच्याही खुनाला. फाशी क्वचितच देतात, एवढंच. या कागदाने "किंवा जन्मठेप" हे शब्द तेवढे काढले होते. अशी सक्तीची फाशी कोर्टात टिकत नाही. मग हे लिहिलं कोणी?

पीएंना तिथूनच फोन लावला.

"विधेयक मांडलंय का?"

"चर्चा चालू आहे मॅडम. शिक्षक म्हणतात आम्हाला घ्या, डॉक्टर म्हणतात आम्हाला. कोतवालही येऊन गेले. यादी वाढतच आहे."

"पण या केसला ते लागू होणार नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती, तिच्यापेक्षा जास्त देता येत नाही. हे बाईंना सांगितलंत?"

"मी थोडीच वकील आहे? साहेबांना विचारून सांगतो."

त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

वनिताला मी सगळं समजावलं. ती ऐकत होती. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हे 'कर्तव्यावर असताना' म्हनजे ड्युटीवर ना?"

"हो."

"त्या दिवशी रविवार होता. त्यायले सुटी होती. लेकरं खेलतात तिथं तार लोंबून राह्यली, म्हनून गेलते ते. मंग त्यायचा खून याच्यात बसतच नाई?"

फाइलमध्ये हजेरीचा उतारा होता. साप्ताहिक सुटी. मी तो दहा वेळा पाहिला होता.

"नाही बसत," मी म्हणाले.

"सुटीच्या दिवशी गेले, म्हनून सस्ता झाला का हो त्यायचा जीव?"

हवालदार सुपातल्या तुरीकडे पाहत राहिला. वनिताने कागदाची घडी घातली आणि विचारलं, "तारीख कवा आहे?"

ती आली. आरोपीच्या वकिलाने दोन तास उलटतपासणी घेतली. तुम्ही लांब होता, तुम्हाला चेहरा दिसला नाही, असं पुन्हा पुन्हा सुचवलं.

"दहा पावलं होती," ती म्हणाली. "मागाहून जाऊन मोजली मी."

निकाल लागला. जन्मठेप. फाशी देण्याइतकी ही केस दुर्मिळ नाही, असं निकालपत्रात होतं. बाहेर व्हरांड्यात वनिताने विचारलं, "मॅडम, बरोबर झालं का?"

"कायद्यानं बरोबर झालं."

"मी तुमाले इचारलं."

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. आजही माहीत नाही.

त्यानंतर अधिवेशन झालं. ते विधेयक कामकाजात कुठे दिसलं नाही.

आता खुनाच्या केसमधला साक्षीदार एक तारीख जरी चुकला, तरी कोणी धमकावलं का, हे मी आधी विचारते. मग विचारते, कोणी काही आश्वासन दिलं का. धमकीपासून पोलीस संरक्षण मागता येतं, आश्वासनापासून नाही.