जायफळाचे वेढे

कोपरमावशीने कधी हाताने पाणी पाहिलं नाही. पदर खोचून ती बादलीत कोपर बुडवायची, डोळे मिटून जरा थांबायची आणि मग निकाल द्यायची, "घाल अजून एक तांब्या गार," नाहीतर "हां, आता आन लेकरू." जन्मभर ऊन पाण्यात राहून तळहात मेले, त्यांचा काही भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. तिचं खरं नाव कौसाबाई, पण ते फक्त माझ्या सासूबाई वापरत. बाकी आमच्या गल्लीला ती कोपरमावशीच.

बाळाला न्हाऊ घालणं आणि बाळंतिणीचं अंग रगडणं हा तिचा पेशा. नांदुऱ्यातली निम्मी माणसं तिच्या पायांवर पालथी पडून मोठी झालेली. कोपऱ्यावरचा अडत्या, चांगला मिशीवाला गडी, एकदा हमालावर ओरडत होता. मावशी रस्त्यातच थांबली. "आवाज खाली कर बे," ती म्हणाली, "तुही टाळू म्या भरली हाय." तो खरोखर गप्प बसला आणि वर तिला चहा विचारला.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, देऊळघाटला झालं. दुसरं सासरी. दुसऱ्या वेळी मी अगदी निवांत होते, कारण मला सगळं येत होतं ना! माझा पहिला मुलगा ओजस म्हणजे झोपेचा राजा. दूध प्यायला की डाराडूर. दुसरंही तसंच असणार, हे मी गृहीत धरून बसले होते. मुलगी झाली आणि आठ दिवसांत माझं शहाणपण उतरलं. ही बया अर्धा तास झोपायची आणि दोन तास रडायची. दिवस-रात्र सारखंच.

"माझा ओजस असा नव्हता हो," मी रोज मावशीपाशी रडगाणं गाई. ती पाटावर पाय पसरून पोरीला तेल चोळत असायची. "पहिल्याची झोप दुसऱ्याले मागू नये," ती म्हणायची. एक दिवस मात्र हात थांबवून तिने विचारलं, "तो झोपत होता, हे तुले कोनं सांगतलं?" मी आईला फोन लावला. आई हसायलाच लागली. "झोपत कुठी होता व तो! मी त्याले घेऊन ओसरीत फिरत होती. तुले झोपू देत होती."

फोन ठेवल्यावर मला आईची माया आठवून भरून यायला हवं होतं. मला आला तो राग. आई आता कंबरेने अंथरुणाला खिळलेली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांच्याच्याने मूल घेऊन फिरणं होत नव्हतं. नवरा अकोल्याला नोकरीवर, रविवारी यायचा. ओजस चार वर्षांचा घोडा पुन्हा चड्डी ओली करू लागला होता आणि मी पोरीला घेतलं की माझा पदर ओढत भोकाड पसरत होता. एकदा मी त्याला असा धपाटा घातला की तो रडायचंच विसरला.

मावशी सगळं बघायची. न्हाणं झालं, ओव्याची धुरी दिली, की ती सहाण पुढे ओढायची आणि गुटी उगाळायची. हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, असं तोंडाने मोजत. जायफळ मात्र तिच्या कंबरेच्या पिशवीत असे. एका दिवसाआड ते बाहेर निघायचं, सहाणेवर एकदाच गोल फिरायचं आणि परत पिशवीत. "हे घरात ठेवू नये," ती म्हणायची. "बाळंतीन थकली की हिशोब चुकते."

पण श्रीखंडासाठीचं जायफळ कुणाच्या घरात नसतं? आमच्याही मसाल्याच्या डब्यात होतं. अठराव्या दिवशी दुपारी, मावशी गेल्यावर आणि सासूबाईंचा डोळा लागल्यावर, मी ते काढलं. एक वेढा घेतला. मग दुसरा. पोर किंचाळत होती, ओजस दार बडवत होता. तिसरा, चौथा. पुढे मी मोजलंच नाही.

पोरगी झोपली, आणि मीही झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता, हे लाज सोडून सांगते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उगाळलं. "पाह्य, आता शहानी झाली पोरगी," सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या.

तिसऱ्या सकाळी मावशीने तिला पायांवर घेतलं आणि पाठीवर पाणी ओतलं. पाणी लागताच ही पोर गल्ली डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी चूं नाही. मावशीने तिच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. "पोरगी रडून नाही राह्यली," ती म्हणाली. मग तिने कोपऱ्यातली सहाण ओढून नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून सोसत नाही. ती एवढंच म्हणाली, "ऊठ. दवाखान्यात."

ऑटोत पोर तिच्याच मांडीवर होती. डॉक्टरांनी पापण्या उचलून पाहिल्या, पोर दोन दिवसांत किती प्यायली ते विचारलं आणि मग विचारलं, "हिला काय दिलंय?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पोरीचं दुपटं सारखं करू लागले. तेवढ्यात मागून, ओल्या लुगड्यातली मावशी बोलली. "म्या देल्लं, साहेब. जायफयाचे वेढे जास्त झाले."

डॉक्टर तिला नाही नाही ते बोलले. सासूबाई तिथेच म्हणाल्या, "कौसाबाई, माह्या घरी पाऊल ठेवू नोको." मी काचेपलीकडे सलाइन लावलेल्या पोरीकडे पाहत उभी राहिले. माझी मुलगी वाचली. चौथ्या दिवशी ती रडली आणि मीही रडले. घरी गेल्यावर खरं सांगू, असं मी स्वतःला बजावलं. मग म्हटलं सव्वा महिन्याला बारसं आहे, ते होऊ दे. मग म्हटलं आता उकरून काय उपयोग.

तोवर गावभर झालं होतं. न्हाणीवालीने जायफळ पाजून पोर मारत आणली होती, हे ऐकल्यावर कोण बोलावणार? महिन्याभरात तिची सगळी घरं सुटली. दोन महिन्यांनी मी चोरासारखी तिच्या खोलीवर गेले. ती दारात रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती. "काऊन केलं हो मावशी असं?" मी तिच्याच बोलीत विचारलं. "मंग काय करू?" ती म्हणाली. "तुहं नाव घेतलं असतं, तं तुह्या हाती लेकरू देल्लं असतं का त्यायनं? तुले तं त्याच घरात राहाचं हाय." मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने मला उठवलं आणि विचारलं, "रडते का पोरगी?" म्हटलं, खूप रडते. "मंग बरं."

मागच्या वर्षी ती गेली. शेवटी पुतण्याकडे भांडी घासून राहत होती म्हणे. "बाई चांगली होती, पन एक चूक केली," सासूबाई म्हणाल्या. मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

यंदा माझ्या जावेला दुसरं मूल झालं. गल्लीत आता न्हाऊ घालणारं कुणी उरलं नाही, म्हणून मीच घालते. ते झोपत नाही. जाऊ सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी बाळ माझ्याकडे देते. "पहिली अशी नव्हती हो वहिनी," म्हणते. मी तिला आत नेऊन झोपवते, बाळाला घेऊन अंगणात फिरते आणि मग पाटावर बसून बादलीत कोपर बुडवते.

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या असतात. रोज न चुकता म्हणतात, "जायफय नोको बरं. त्या बाईनं काय केलं होतं, आठवते ना?"

"आठवते," मी म्हणते.