घरघर घालवायला एक घागर

परवा माजलगावला सभेआधी भोंगा घरघरू लागला आणि मला दुष्काळातली तलवाड्याची सभा आठवली. पाण्याचा टँकर सोसायटीच्या पुढाऱ्यांच्या दारातच आधी का रिकामा होतो, हे आम्ही तिथे विचारणार होतो. लोक जमावेत म्हणून उस्मानचाचा माईकवाल्यांनी रेकॉर्ड लावली, पण गाण्यापेक्षा घरघरच मोठी.

“जमीन वाळली, म्हणून अर्थिंग धरत न्हाई,” मी ठासून सांगितलं. अर्थिंगच्या सळईपाशी पाणी ओतलं की आवाज जातो, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. तेवढ्यात सोजरमावशी डोक्यावर घागर घेऊन चालल्या होत्या. मी त्यांना अडवलं. “मावशी, एवढी घागर ओता इथं. सभा तुमच्याच पाण्यासाठी हाय.”

“आन् लेकरांला काय पाजू, तुजं पत्रक?”

लोक हसले. मी चिडलो. चळवळीसाठी एक घागर जड झाली का, असंही बोलून गेलो. तोवर चाचांनी रेकॉर्डच्या पेटीमागे लोंबणारी बारीक तार उचलून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला स्क्रूखाली आवळली. घरघर थांबली.

“ही तार जोडायची राहिलती बे,” चाचा म्हणाले. “पाणी काहून मागतो?”

तेव्हा मला तो माझा अपमान वाटला. आज सरळ लिहितो, पुढाऱ्यांनी टँकर वळवला आणि मी घागर वळवायला निघालो होतो. लोकांच्या भल्याचं कारण त्यांच्याकडेही होतंच.

त्या दिवशी टँकरबद्दल मी तासभर बोललो. सोजरमावशी ऐकायला आल्या नाहीत.