एतेरीसाठी वाढलेलं पान

नातेला दोलिद्झे रिकाम्या सभागृहात तासन्‌तास बसलेली दिसली की लोक म्हणायचे, बाईला डुलकी लागली. डुलकी कसली? ती माणसं बसवत असायची. ओझुर्गेतीच्या कलाभवनातली तिची सगळी नोकरी यातच गेली. कोण कुठे बसेल, कोणाला खिडकीचा वारा बाधतो, कोणत्या दोघांना शेजारी बसवलं तर जेवणाआधीच हमरीतुमरी होईल. डोळे अर्धवट मिटून ती बसे. बाहेर चहाच्या टेकड्यांवरून धुकं खाली उतरे, आणि एकेका खुर्चीत माणूस उमटायला लागे, टोपीसकट, खोकल्यासकट. उगाच सांगत नव्हती हो, तिला खरंच दिसायचं.

आम्ही गुरिया प्रांताची माणसं म्हणजे घाईचा कारभार. बोलणं घाईचं, चालणं घाईचं आणि राग तर विचारूच नका. आमच्यात ही अशी तंद्रीतली बाई कुठून निपजली कोण जाणे.

दरवर्षी द्राक्षं उतरली की कलाभवनात तीन सुरांच्या गाण्यांची परिषद भरते. आमच्या जुन्या गाण्यांत तीन गळे तीन वाटांनी निघतात, मध्ये एकमेकांशी चांगले झोंबतात आणि शेवटी एका दारात येऊन उभे राहतात. ते ऐकायला, अभ्यासायला कुठून कुठून माणसं यायची. मग ते साथीचं वर्ष आलं, सगळं बंद पडलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा निम्मी माणसं घरूनच यायला लागली, पडद्यावरून.

"अर्धी इथं, अर्धी तिथं. ही काय परिषद झाली?" ओतियाकाका करवादले. ते आमचे तमादा, म्हणजे मेजवानीत पेला उचलून बोलायचा मान त्यांचा, आणि ते ज्याच्याकडे शब्द सोपवतील त्याने तो उचलायचाच.

"काका, आपलं कुठलं घर अख्खं इथं आहे?" नातेला म्हणाली. काकांचा मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो. नातेलाची धाकटी बहीण एतेरी इटलीत, बारी गावात, एका म्हातारीला सांभाळते. नऊ-दहा वर्षं झाली. कागदपत्रं अपुरी, तेव्हा एकदा बाहेर पडली तर परत आत शिरता येणार नाही. आणि तिकडचा पगार थांबला तर आईचं औषधपाणी कोण बघणार? म्हणून ती येत नाही. हे आईला कोणी धड सांगितलेलं नव्हतं. "पुढच्या वर्षी" एवढंच दरवर्षी सांगायचे.

वरिष्ठांचं म्हणणं होतं, भिंतीवर एक मोठा पडदा लावा, त्यावर सगळे चौकोन दिसतील, झालं. एरवी मऊ असलेली नातेला तेव्हा उसळली. "गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर लावतात!" तिने प्रत्येक दूरच्या पाहुण्यासाठी एकेक टॅब मागून आणला आणि खुर्च्यांच्या रांगेत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. आणि प्रत्येक टॅबला सभागृहातला एक शेजारी नेमून दिला. चहाच्या सुट्टीत शेजाऱ्याने टॅब उचलून खिडकीशी न्यायचा, दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या, कोणाचं व्याख्यान रटाळ झालं ते सांगायचं. ओसाकाचे प्राध्यापक घोंगडी पांघरून खिडकीतून आमचं धुकं बघत बसायचे. मेलबर्नच्या बाईंना तर शेजारणीने फिरवत फिरवत बाजारही दाखवला. सभागृहात सकाळ असायची, एका खुर्चीत संध्याकाळ, दुसरीत मध्यरात्र, आणि त्या सगळ्यांमधून नातेला पाण्यात चालल्यासारखी हळू हळू फिरायची.

राहता राहिली शेवटची मेजवानी. तिथे मात्र टॅब बंद करून कपाटात जायचे. यंदा नातेलाला ते सोसवेना. का म्हणून? दिवसभर आपल्यात बसलेल्या माणसाला जेवायच्या वेळी उठवायचं? शिवाय यंदा एतेरीही पाहुणी होती. दोघी बहिणी आणि चुलतबहीण लामारा, या तिघींचं गाणं एकेकाळी सगळ्या गुरियात गाजलेलं. ते गाणं पुन्हा व्हायचं होतं, एतेरी बारीहून, या दोघी इथून.

मेजवानीच्या आदल्या दिवशी दुपारी नातेलाने तालीम म्हणून टेबल मांडून बघितलं. इथल्यांची पानं आणि तिथल्यांचीही. प्रत्येक दूरच्या पाहुण्याच्या खुर्चीसमोर नावाची पाटी, ताटलीत पावाचा तुकडा आणि काठोकाठ भरलेला वाइनचा पेला. टॅब तेवढे आत झुराच्या खोलीत चार्जिंगला होते. झुरा म्हणजे कलाभवनाचा ध्वनीवाला. नातेला लांब उभी राहून बघत होती, आणि खुर्चीखुर्चीत माणसं बसलेली होती. एतेरीसुद्धा होती, केसांना हिरवी पिन लावून. नातेलाला किती बरं वाटलं!

तेवढ्यात ओतियाकाका आत आले आणि जागच्या जागी थबकले.

"अगं ए बये! जिवंत माणसांची श्राद्धं घातलीस का काय?"

नातेला भानावर आली. खुर्च्या रिकाम्या होत्या. रिकामी खुर्ची, पुढे पाव, पावाशेजारी भरलेला पेला. आमच्याकडे असं पान मेलेल्या माणसाचं. पावावर वाइन ओततात आणि त्याचं नाव घेतात. शेंबडं पोरही ही चूक करणार नाही, पण नातेलाला खुर्च्या रिकाम्या दिसतच नव्हत्या, तिला बापडीला कळणार कसं?

काकांच्या मागोमाग आग्राफिना आली, नातेलाची आई. नव्वदीला टेकलेली, काठी टेकत, नेहमीसारखी लेकीचं काम बघायला. ती पाट्या वाचत वाचत टेबलाच्या कडेने चालत गेली. एतेरीच्या पाटीपाशी थांबली. पाव बघितला. पेला बघितला. मग सावकाश शेजारच्या खुर्चीत बसली.

"कधी गेली?" तिने विचारलं.

"आई, काहीतरीच काय! ती चांगली आहे. हे माझ्याच डोक्यातलं खूळ."

"माझ्या भावाचं सुद्धा तुम्ही वर्षभर लपवलंत."

ते खरं होतं. म्हाताऱ्यांपासून मरण लपवायचं ही आमच्याकडची रीतच, आणि हृदय सांभाळायच्या नावाखाली आम्ही सगळे पट्टीचे खोटारडे. नातेलाने घाईघाईने फोन लावला. एतेरी पडद्यावर आली, हसली. "आई, ऐकू येतंय का? जेवलीस का? थंडी आहे का तिकडे?"

आईने फोन बाजूला सारला. "दर रविवारी हेच बोलते. हेच तीन प्रश्न. हे तर कोणीही आधीच टेपवर भरून ठेवील. गेल्या वर्षी त्या प्राध्यापकाचं नव्हतं का लावलंत?" गेल्या वर्षी एका प्राध्यापकांची लाइन तुटली होती, तेव्हा झुराने त्यांचं आधीच भरून ठेवलेलं भाषण लावलं, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आईनेसुद्धा. तेव्हापासून तिला पक्कं ठाऊक होतं की पडद्यावर माणूस दिसतं म्हणून ते कुठेतरी असतंच असं नाही.

रात्री ती जेवली नाही. सकाळी कोट घालून परिषदेला मात्र आली. परिषद गेली खड्ड्यात, नातेलाला आता एकच हवं होतं. आईला पटायला हवं की एतेरी जिवंत आहे.

"गाणं ऐकलं की पटेल," लामारा म्हणाली.

झुरा डोकं खाजवत म्हणाला, "एक अडचण आहे, नातेलाताई. बारीहून आवाज इथं यायला क्षणभर लागतो, इथला तिकडे जायला आणखी क्षणभर. ती तुमचं ऐकून गायला लागली की मागे पडणार. सगळा चिखल होईल. त्यापेक्षा तिचा आवाज आपण घेऊ, आपला तिला द्यायचाच नाही. ती उचलेल, तुम्ही दोघी तिला धरून गा. इथं सगळं तंतोतंत जुळेल."

"आणि तिला काय ऐकू येईल?"

"काही नाही. एकटीच गाईल."

एतेरी तयार झाली. "आईसाठी ना? मी भिंतीकडे बघून गाईन."

संध्याकाळी मेजवानीत पेले फक्त इथल्यांपुढे होते. एतेरीच्या खुर्चीत टॅब होता आणि शेजारी आई, दुसऱ्या कोणाला तिने ती जागा घेऊ दिली नाही. एतेरीने तिकडे स्वयंपाकघरात उभं राहून डोळे मिटले आणि सूर उचलला. लामारा खालून आली, नातेला वरून, आणि तिन्ही गळे असे एकमेकांत मिसळले की टेबलावरचे काटे-चमचे गप्प झाले. ओसाकाच्या प्राध्यापकांनी घोंगडीने डोळे टिपले. गाता गाता नातेलाला वाटलं, आपण तिघी पुन्हा चहाच्या मळ्यात उभ्या आहोत, ओल्या पायांनी, आणि खाली धुक्यात कोणाचं तरी घर आहे. किती सुंदर झालं म्हणून सांगू! एकही स्वर इकडचा तिकडे नाही.

नातेलाने आईकडे बघितलं. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"किती गोड गायची माझी पोर," ती म्हणाली.

नातेलाला तो शब्द लागला. गायची! इतकं बिनचूक गाणं, मध्ये कुठे अडखळणं नाही, कोणाकडे बघणं नाही. भरून ठेवलेलं असतं तर याहून काय वेगळं झालं असतं?

ओतियाकाकांना आदल्या दिवशीची आरडाओरड मनात टोचत होती. काहीतरी भरपाई करावी म्हणून त्यांनी पेला उचलला आणि शब्द आईकडे सोपवला. "आग्राफिना, आता तुम्ही बोला." शब्द आला की नाकारता येत नाही. आई काठीवर भार देऊन उठली. डाव्या हातात पाव घेतला, उजव्या हातात पेला.

"माझ्या एतेरीसाठी," ती म्हणाली. पेला पावावर कलायला लागला.

"झुरा!" नातेला किंचाळली. "आवाज सोड! सगळा सोड तिकडे!"

"अहो, पण चिखल..."

"होऊ दे चिखल!"

झुराने कळ दाबली. क्षणभराने, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली एतेरी गलका ऐकून वळली. मग टॅबमधून कर्कश आवाज आला, "आई! काय करतेस? कोणाचं ओततेस ते? मी आहे ना इथं!"

आईचा हात थांबला. तिने टॅबकडे डोळे बारीक करून बघितलं. आणि म्हातारी किती लबाड! एक शब्द न बोलता तिने गाणं सुरू केलं. मघाचं नाही, कुठल्याच कार्यक्रमात नसलेलं, चहा खुडताना बायका गातात ते. चढ्या, चिरक्या सुरात. एतेरी दचकली, मग मागून शिरली, अर्धी ओळ उशिरा. आई मध्येच थांबली. एतेरीचा आवाज एकटाच थोडा पुढे धावला आणि गोंधळून उभा राहिला. आईने दुसरीच ओळ धरली. एतेरी पुन्हा मागे. सगळा नुसता गोंधळ. अभ्यासक मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली.

"आई, थांब! किती वर धरलास सूर! कोणाच्या बापाला झेपणार आहे तो?" एतेरी चिडून म्हणाली. "आणि मध्येच ओळ काय बदलतेस?"

"मला शिकवतेस? तुला गाणं शिकवलं कोणी?"

"शिकवलंस, पण असं नाही शिकवलंस!"

सभागृह हसत होतं. आई मात्र हसली नाही. तिने पाव खाली ठेवला. पेला ठेवला. टॅबच्या काचेवर सुरकुतलेला हात फिरवला, नाकावरून, कपाळावरून.

"आहेस," ती म्हणाली.

"आहे ना गं."

"जिवंत आहेस."

"हो आई."

"मग येत का नाहीस?"

सगळे थांबले. आता तिकडे आवाज पोचायला क्षण आणि उत्तर यायला आणखी क्षण, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, म्हणून कोणी चुळबुळ केली नाही. ते दोन क्षण गेले. आणखी गेले. झुराने खाली वाकून वायर चाचपली. वायर ठीक होती. पडद्यावर एतेरी ओठ आवळून बसली होती आणि तिच्यामागे बारीतल्या स्वयंपाकघरात कोणीतरी म्हातारी बाई तिला हाका मारत होती.

नातेला पुढे झाली, पण आईने हातानेच तिला अडवलं. ती खुर्चीत बसली आणि खुर्ची टॅबच्या आणखी जवळ ओढून घेतली.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे मला एवढ्यात मरून चालायचं नाही."